घरचा पुठ्ठा

दुकान बंद करतोय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी आठ दिवसांत सगळ्या निपाणीला कळलं, आणि दहा-दहा वर्षं पायरी न चढलेली माणसं हळहळायला येऊ लागली. "असं कसं अण्णा, आमचं सगळं लहानपण हितं गेलं की." मी म्हणायचो, लहानपण गेलं ते खरं, पण त्यानंतर कुठं गेलतासा? ते हसायचे आणि पुढं जायचे. एकानं तर हळहळता हळहळता फळीवरच्या एका पुस्तकाचा फोटो काढला आणि माझ्यादेखत फोनवर तेच मागवलं. मी म्हटलं, अहो, हे समोर आहे, आत्ता हातात येतंय. तर म्हणाला, तिथं घरपोच देतात. त्याचं घर दुकानापासून चौथं. मी पंखा वाढवला.

जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला दिली होती. तो रोज येऊन भिंतींची मापं घ्यायचा. मी पुस्तकांच्या तीन राशी करत होतो. प्रकाशक परत घेतील ती, कुणी फुकट नेलं तर नेईल ती, आणि रद्दीची. तिसरी रास कपाळाला लागायच्या उंचीची झाली होती. अशाच एका दुपारी बाई आल्या.

बाई बेळगावात असतात. मराठी शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाल्या, रिटायर होऊनही आता काही वर्षं झाली. पांढरे केस, खांद्याला पिशवी, गुडघ्यांना त्रास. मी त्यांना लगेच ओळखलं. खरं सांगायचं तर ही बाई कधीतरी येणार म्हणून मी चाळीसहून जास्त वर्षं वाट बघत होतो, आणि येऊ नये अशी इच्छाही तितकीच वर्षं करत होतो.

"अण्णा, दुकान मोडताय म्हणून ऐकलं," त्या म्हणाल्या. "मोडताना माळे, फळ्या सगळं उतरवणार. तेवढं आमच्या वडिलांचं बाड कुठं दिसतंय का बघा. वडील विचारत होते, आता मी शेवटचं विचारते."

मी म्हटलं, "बसा बाई. पाणी आणतो." आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ माठापाशी उभा राहिलो. आता ते बाड म्हणजे काय, ते सांगायला मला जरा मागं जावं लागेल.

आमचं घर जैन. शेती बेताची, व्यापारावर भिस्त. घरात आई-आजीशी कन्नड, दुकानात मराठी, असं आम्ही दोन जिभांनी वाढलो. विलायतेत राणी राज्य करत होती त्या काळात पणजोबांनी हा धंदा सुरू केला. धंदा म्हणजे एक पेटी आणि एक बैल. मुंबई-पुण्याहून माल बेळगावात यायचा, तिथून पणजोबा तो आणायचे आणि निपाणी, चिकोडी, मधली सगळी बाजाराची गावं करायचे. पंचांगं, पोथ्या, आरत्या, कोर्टकज्ज्यांची पुस्तकं, इंग्रजी शिकायची पुस्तकं. पुस्तक तेव्हा आजच्यासारखं तयार मिळत नव्हतं. सुटे छापलेले ताव यायचे, दुमडून सुतळीनं बांधलेले. गिऱ्हाईक ते घ्यायचं आणि मग सांगायचं, मला कापडी बांधून द्या, मला कातडी. म्हणजे पुस्तकवाला तोच बांधणारा. बांधून होईपर्यंत गिऱ्हाईक दोन-चार बाजार थांबायचं. आज हे कुणाला सांगितलं तर वाटतं मी थापा मारतोय.

दुसरी एक रीत होती, ती आजोबांपर्यंत चालली. घेणाऱ्यातल्या पुष्कळांना वाचता यायचं नाही. घरात पोरगं शाळेत जातंय, त्याच्यासाठी घ्यायचं. म्हणून विकायच्या आधी पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. गिऱ्हाईक ऐकायचं, मान हलवायचं, मग घ्यायचं नाहीतर जायचं. बाजारादिवशी आजोबा पायरीवर बसून एकामागून एक पहिली पानं वाचायचे आणि समोर घोळका जमायचा. ज्यांना तेव्हा पायरी चढू देत नव्हते ती माणसं खाली रस्त्यावर उभी राहून ऐकायची. त्यांच्यातल्या कुणी पुस्तक घेतलंच तर आजोबा ते फळीवर ठेवायचे आणि घेणारा ते तिथून उचलून न्यायचा. हातात द्यायचे नाहीत. आमच्या घराण्याची गोष्ट सांगताना घरचे लोक पहिल्या पानाचं कौतुकानं सांगतात आणि फळीचं सांगत नाहीत. मी सांगतोय.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात फळी गेली. मोठ्यानं वाचणंही गेलं, कारण लोक शिकले. गावोगाव वाचनालयं निघाली, आणि सगळा धंदा वाचनालयांवर आला. तोवर पुस्तकं छापून बांधून यायला लागली होती, पण वरचं वेष्टण पातळ. चार हातांत फिरलं की पानं हातात. म्हणून वाचनालयं सांगायची, तुमच्याकडचा जाड पुठ्ठा घालून द्या. हा पुठ्ठा आमचा घरचा. रद्दीचे ताव एकावर एक खळीनं चिकटवायचे. खळ म्हणजे मैद्याची, कीड लागू नये म्हणून आत मोरचूद. आठ-दहा ताव झाले की दगडाखाली दाबायचे, सावलीत वाळवायचे, कापायचे. विकतच्या पुठ्ठ्याला पाणी लागलं की त्याचा लगदा होतो, आमच्याला काही होत नसे. पणजोबांपासूनची विद्या. आप्पांना तिचा एवढा गर्व की पाहुण्यांना पुस्तक दाखवायच्या ऐवजी पुठ्ठा वाजवून दाखवायचे.

बाईंचे वडील तंबाखूच्या वखारीत होते. तेव्हा आम्ही सगळे त्यांना अरे-तुरे करायचो. आता मी 'ते' म्हणतो, उशिरा का होईना. दिवसभर तंबाखूची पोती, संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात अक्षरं. बौद्ध झाले होते, पोरीला शिकवलं होतं. बायको पोर दोन वर्षांची असताना गेली, दुसरं लग्न केलं नाही. एके दिवशी ते दुकानात आले, कपड्यात बांधलेला गठ्ठा आप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, ह्ये बांधून द्या. पुस्तकावानी."

मी तेव्हा बाविसाचा. पलीकडं बसून पानं शिवत होतो. आप्पांनी विचारलं, "काय हाय ह्ये?"

"माझंच हाय. माझ्या जल्माचं."

आप्पा हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "ठेव. चार बाजारांनी ये," म्हणाले, आणि गठ्ठा आतल्या खोलीत दाबाच्या दगडाशेजारी ठेवला. मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माल आणायला पुण्याला गेले. मधल्या काळात गठ्ठ्याचं कापड धुवायच्या कपड्यांत गेलं की कुठं गेलं कोण जाणे, बाड उघडं राहिलं, नुसतं सुतळीनं बांधलेलं.

त्या आठवड्यात दोन वाचनालयांचं काम होतं. एक चिकोडीकडचं, एक जांबोटीकडचं. रद्दी कमी पडत होती. मी आत गेलो, दगडाशेजारी दोन बोटं जाडीचा गठ्ठा दिसला. वरचा ताव बघितला. वखारीच्या हजेरीचा छापील ताव, रकाने, उभ्या-आडव्या रेघा. खालचा उचलला, तोही तसाच. वखारीची असली रद्दी आमच्याकडं नेहमी यायची. कागद जाड, पुठ्ठ्याला चांगला. मी सुतळी तोडली आणि खळ लावायला बसलो.

बाईंच्या वडिलांनी पाठकोऱ्या तावांवर लिहिलं होतं. वखारीतून टाकलेल्या हजेरीच्या तावांची मागची बाजू. कोरी वही आणायची कुठून? आणि ठेवताना छापलेली बाजू वर ठेवली होती, कारण लिहिलेली बाजू मळू नये. मी एकही ताव पालथा करून बघितला नाही. खळ लावणारा हात एका लयीत चालतो, तो थांबून वाचत नाही. चिकटवायचा ताव लिखाणाच्या अंगानं खाली जायचा, वरच्या छापील बाजूला खळ बसायची. दोन दिवसांत एका माणसाचा जन्म मी पुठ्ठ्यांत घातला. कापड त्या खेपेला हिरवं होतं. हिरव्या पाठीची पुस्तकं, देखणी झाली होती.

बाईंचे वडील चौथ्या बाजाराला आले. आप्पा आत शोधायला गेले आणि हात हलवत बाहेर आले. "कसल्या कागदावर होतं रं?" त्यांनी विचारलं. "वखारीच्या हजेरीच्या तावांवर," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली सुई तशीच राहिली. आप्पांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. त्यांना कळलं. पुस्तकं तोपर्यंत गेली होती. मागवून घेऊन फोडता आली असती. पण त्यात दुकानाची शोभा झाली असती, घरच्या पुठ्ठ्याची झाली असती. आप्पा त्यांना म्हणाले, "वाळवी लागली. टाकून द्यावं लागलं."

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. "उरलंसुरलं तरी द्या," म्हणाले.

"काय न्हाय उरलं."

"बरं," म्हणाले, आणि गेले. पुढच्या बाजाराला परत आले. "आप्पा, वाळवी समदं खात न्हाय. एखादं पान ऱ्हातंय." असे ते वर्ष-दीड वर्ष येत राहिले. कधी भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. यायचे, विचारायचे, फळ्यांकडं बघायचे, जायचे. भांडले असते तर बरं झालं असतं. मग यायचे थांबले. तंबाखूनं छाती भरली होती, त्यातच गेले. आप्पा जाईपर्यंत या विषयावर आम्ही बापलेक एक शब्द बोललो नाही, आणि नंतर मी कुणाशी बोलायचा प्रश्नच नव्हता.

तर मी माठापासून पाणी घेऊन बाहेर आलो. बाईंनी तांब्या घेतला, प्यायल्या नाहीत.

"तुम्हाला वाटेल, या वयात काय हिला खूळ लागलंय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं आईचा फोटो नाही. काढलाच नव्हता. ती दिसायला कशी, बोलायची कशी, गेली कशी, मला काही ठाऊक नाही. वडिलांना विचारलं की म्हणायचे, तुझ्या आईचं समदं त्यात लिवलंय, बांधून आलं की वाच. तोंडानं सांगवत नव्हतं त्यांना. पहिल्यांदा पेन्सिलीनं लिहायचे, वखारीत जेवायच्या सुट्टीत. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मी त्यांना शाईचं पेन घेऊन दिलं. मग पुढचं सगळं पेनानं लिहिलं. लग्नापासूनचं."

मला तेव्हाच सांगायचं होतं. "बघतो बाई," म्हटलं. "माळे उतरवताना बघतो." चाळीस वर्षांनी मीही आप्पांसारखंच खोटं बोललो. त्या गेल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली की मोबाईलवाल्याला मापं घेऊ न देता हाकलून दिलं. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. हिरव्या पाठीची दोन पुस्तकं दुकानातच होती, वाचनालयानं जास्तीची म्हणून परत केलेली. ती फोडली. आत जुन्या वर्तमानपत्राशिवाय काही निघालं नाही. मग बस धरून चिकोडीकडच्या त्या गावाला गेलो. वाचनालयाच्या जागी आता पंचायतीचं सामान. तिथला माणूस कन्नडमध्ये म्हणाला, पुस्तकं होती, पण न्यायला कुणी येत नव्हतं, सगळी टेम्पोत घालून रद्दीत दिली. कधी? गेल्या उन्हाळ्यात. म्हणजे मी एक वर्ष आधी आलो असतो, तर. त्या माणसानं दिलेला चहा अर्धाच ठेवून मी उठलो. निम्मं बाड कोल्हापुरातल्या कुठल्याशा कारखान्यात लगदा होऊन गेलं. त्याचे आता चपलांचे खोके झाले असतील.

राहिलं जांबोटीकडचं. बेळगावपर्यंत बस, खानापूरपर्यंत रेल्वे, तिथून परत बस, बस कधी येईल ते तिच्या मनावर, आणि शेवटी तास-दीड तास चाल. या गुडघ्यांनी. शाळेच्या एका खोलीत वाचनालय होतं. शाळेत आता अकरा पोरं, आणि पुढच्या वर्षी ती राहते की जाते कुणाला ठाऊक नाही. गुरुजी तरुण होते. कपाट उघडलं तर ओलीचा भपकारा आला. त्या पावसाळी मुलखात पुस्तक टिकतच नाही. सगळ्या पुस्तकांना बुरशी, पानांचे गोळे झालेले. धड राहिलेली फक्त हिरव्या पाठीची, नऊ; बाकीची हिरवी नेणाऱ्यांनी परतच आणली नव्हती. आमच्या पुठ्ठ्यानं पाणी आत येऊ दिलं नव्हतं. आप्पा असते तर खूश झाले असते. मी नऊही खाली उतरवली. 

"ही नेऊ का?" मी विचारलं. "बदली नवी पुस्तकं देतो. पन्नास देतो. शंभर देतो."

"न्या की," गुरुजी म्हणाले. "ह्यी कोण वाचतंय? पण नवी दिली तर पोरांना चित्रांची द्या."

ती मी पाठवली. दुकानातला तो एवढाच माल धड कुणाच्या उपयोगी पडला.

घरचा पुठ्ठा पावसाला, ओलीला दाद देत नाही; ताव सुटे करायचे तर तो कोमट पाण्यात भिजत घालायचा. खळ सुटते, ताव आपोआप वेगळे होतात. हे मला लहानपणापासून येतं. दुकानाच्या आतल्या खोलीत परात घेतली, पुठ्ठे कापडातून सोडवले आणि सकाळच्या उन्हात बसलो. पहिल्या दोन पुस्तकांत काही नव्हतं. तिसऱ्याचा पुठ्ठा सुटला आणि रकान्यांचा ताव वर आला. पालथा केला. पेन्सिल. फिकी, पण एकेक अक्षर लागत होतं. मोठी मोठी अक्षरं, प्रौढांच्या वर्गातली, रेघ सोडून खाली गेलेली. पाण्यानं पेन्सिल जात नाही. असे चार ताव निघाले. कपड्यांच्या तारेवर वाळत घातले आणि वाचले.

पहिल्यात वखारीचं होतं, धुळीचं, खोकल्याचं. दुसऱ्यात हे होतं, मी जसंच्या तसं देतो. "बाजारादिशी पुस्तकाच्या दुकानाम्होरं हुबा ऱ्हायाचो. म्हातारा पैलं पान वाचायचा. फुकाट ऐकाय मिळायचं. मला लई पुस्तकांची पैली पानं पाठ हायत. दुसरं पान कुटल्याच पुस्तकाचं ठावं न्हाय. तवाच ठरिवलं, एक पुस्तक आसं करायचं, ज्याचं समदं पान मला ठावं आसंल. आन त्ये ह्याच दुकानात बांधायचं."

मी चष्मा काढून ठेवला. हे वाचल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? बाईंना फोन केला असता, या म्हणाला असता, पुढचं त्यांच्यासमोर उघडलं असतं. मी केलं नाही. मला सगळे ताव एकदम हातात द्यायचे होते. म्हणजे सांगताना माझ्या हातात काहीतरी असेल, नुसतं तोंड नसेल. एकदाचं देऊन मोकळं व्हायची घाई झाली होती. पाणी अजून कोमट होतं. उरलेले पुठ्ठे मी एकदमच परातीत सोडले आणि चहा करायला गेलो.

परत आलो तेव्हा परातीतलं पाणी निळं झालं होतं.

बांधणाऱ्याच्या घरात जन्मलो. शाई पाण्यात उतरते हे मला कळू नये? बाईंनी माझ्यासमोर बसून सांगितलं होतं, लग्नापासूनचं पेनानं लिहिलंय. शब्द न शब्द ऐकला होता. मी हात घालून ताव बाहेर काढले. तीन होते. पालथे केले. छापील रकाने मागून तसेच्या तसे दिसत होते. लिखाणाच्या जागी फिकट निळे डाग, आणि एका कोपऱ्यात, जिथं खळीचा गोळा राहिला होता, तिथं तीन शब्द. "ती हसली की". पुढं काही नाही. दुसऱ्या तावावर काही नाही. तिसऱ्यावर काही नाही. टिपकागद लावून बघितला, उन्हाला धरून बघितलं, भिंग लावलं. ती हसली की काय व्हायचं, ते पाण्यात गेलं होतं.

रागाच्या भरात मी परात उचलली आणि मोरीत पालथी केली.

बाईंना बोलावलं. चार दिवस लागले मला फोन करायला. त्या आल्या, त्याच पिशवीनिशी. तोवर दुकानात खुर्च्या दोन आणि टेबल एक, बाकी सगळं रिकामं. मी सातही ताव टेबलावर मांडले होते. त्यांना वाटलं, माळ्यावर सापडले. चेहरा असा उजळला की मला बघवेना. म्हणाल्या, "सापडलं? अण्णा, खरंच सापडलं?"

मी म्हटलं, "बसा बाई. वाळवी लागली नव्हती."

आणि सगळं सांगितलं. सुतळी तोडली तिथपासून. आप्पांनी काय सांगितलं, मी काय सांगितलं नाही, चिकोडीकडची रद्दी, जांबोटीचं कपाट. बाईंना शिक्षकाची सवय, समोरच्याचं उत्तर पुरं होऊ देतात. मी बोलत असताना त्यांनी पेन्सिलीचे ताव वाचले. पहिल्या पानांचा मजकूर आला तिथं बोट ठेवून दोनदा वाचला. मग बाकीचे तीन उचलले, पालथे केले, परत सुलटे केले.

"हे कोरे का?"

"ते पेनाचे," मी म्हटलं. "पाण्यात घातले मी. सुटे करायला. शाई उतरली."

त्यांनी तो तीन शब्दांचा ताव जवळ ओढला. तीन शब्दांवरून बोट फिरवलं. रस्त्यावर मोबाईलवाल्याची माणसं काच उतरवत होती, आत आणू का म्हणून विचारत होती, मी हातानंच थांबा म्हटलं. मला वाटलं आता त्या मला बोलतील. चाळीस वर्षांचं साठलेलं बोलतील, आणि बोलल्या तर मी ऐकून घेणार होतो, तेवढ्यासाठीच खुर्ची जवळ ओढून बसलो होतो.

त्यांनी विचारलं, "पाणी कुठं ओतलंसा, अण्णा?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "कसलं पाणी?"

"निळं झालं म्हणालात ते. कुठं ओतलंसा?"

मला खोटं बोलता आलं असतं. परड्यातल्या झाडाच्या बुडाला म्हटलं असतं तर त्यांना निदान उभं राहायला जागा झाली असती. पण या दुकानात त्या माणसाला एवढं खोटं सांगून झालं होतं की आता पुढं जमेना.

"मोरीत," मी म्हटलं.

बाई उठल्या. सातही ताव पिशवीत घातले, कोरे तीन वेगळे, पिशवीतल्या वहीच्या आत नीट सरळ ठेवून. आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. मोरी तिथून दिसते, एक फरशी, एक नळ, कोपऱ्यात जाळी. पदर सावरून त्या तिथं उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्या मागं उभा राहिलो, आजोबांच्या पायरीखाली माणसं उभी राहायची तसा.